गडव्यातला चहा

श्रोतेहो, यवतमाळात आमच्या घरी तुम्ही कधी चहाला आलात, तर तुमच्यापुढे कपबशी येणार नाही. पितळेचा, आतून कल्हई केलेला, मुठीत मावेल एवढा गडवा येईल. पोटात फुगीर, गळ्याशी आवळलेला, ओठाशी पुन्हा थोडा पसरलेला. चहा त्यात निम्माच असेल. नवा पाहुणा जरा गोंधळतो. कुणी विचारतं, "हे पाणी आहे का?" कुणी मनात म्हणत असेल, कवीचं घर आहे, काहीतरी जगावेगळं करायची हौस असणार. पण हौस म्हणून आम्ही हे केलेलं नाही. 'विलक्षण भांडी' या विषयावर बोलाल का, असं मला विचारलं गेलं, तेव्हा सगळ्यात आधी हे गडवेच डोळ्यांपुढे आले. त्यांची गोष्ट सांगणारच आहे. त्याआधी भांड्यांच्या दुनियेत थोडं फिरून येऊ.

मी पाहिलेलं पहिलं विलक्षण भांडं म्हणजे वसुदेवाचा प्याला. शाळेत विज्ञानाच्या तासाला एका गुरुजींनी तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. पितळी वाटीसारखा प्याला, मधोमध डोक्यावर बाळकृष्ण घेतलेला वसुदेव. गुरुजी पाणी ओतू लागले. पाणी वसुदेवाच्या गुडघ्याशी आलं, कमरेशी आलं, छातीशी आलं. बाळकृष्णाच्या पायाला पाणी लागलं मात्र, आणि प्याल्याच्या बुडातून धार सुरू झाली. थेंब थेंब नाही, सगळा प्याला रिकामा! यमुना ओसरली. वर्गात टाळ्या पडल्या. टाळ्यांत मीही होतो.

मग गुरुजींनी गुपित सांगितलं. मूर्तीच्या आत एक वाकवलेली नळी असते. तिचं एक तोंड प्याल्याच्या तळाशी उघडतं, दुसरं बुडाखाली बाहेर. पाणी नळीच्या वळणापर्यंत चढेस्तोवर काही होत नाही. वळण ओलांडलं की पाणी पलीकडच्या बाजूने खाली उतरू लागतं आणि मागचं सगळं पाणी ओढून नेतं. वक्रनलिका म्हणतात तिला. पुढे वाचनात आलं की ग्रीसमध्येही असाच प्याला आहे, तो पायथागोरसच्या नावावर सांगतात आणि सामोस बेटावर प्रवाशांना अजून विकतात. तिथली शिकवण वेगळी. जो हावरेपणाने काठोकाठ भरेल, त्याचं सगळंच जाईल. नळी एकच. आपण तिच्यात बाळकृष्णाचे पाय पाहिले, त्यांनी माणसाची हाव पाहिली.

याच्या अगदी उलट भांडं एका फ्रेंच चित्रकाराने काढलं. त्याचं नाव झाक कारेलमान. १९६९ साली त्याने एक सचित्र सूचिपत्र छापलं. त्यात एकही वस्तू उपयोगाची नव्हती, सगळ्या मुद्दाम बिघडवलेल्या. त्यातली कॉफीची किटली फार गाजली. तिची तोटी आणि तिचा कान एकाच बाजूला. ओतायला जावं तर कॉफी आपल्याच हातावर! पुढे डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं, १९८८ साली ते निघालं, आणि त्याच्या मुखपृष्ठावर हीच किटली झळकली. नॉर्मन यांचं एक सांगणं माझ्या मनात रुतून बसलं आहे. वस्तू चुकीची घडलेली असते, पण ती वापरता आली नाही की माणूस स्वतःला दोष देतो. माझाच हात वेंधळा, मलाच जमत नाही, असं म्हणतो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. माझ्या गोष्टीत ते परत येणार आहे.

आपल्याकडचं काय, असं कुणी विचारलं तर मी त्याला आधी पुण्याला धाडतो, शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. हे संग्रहालय उभं करणारे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) स्वतः कवी होते. 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या आणि पुढे तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती दिला. वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत तिथे. पण सोन्यानाण्यापेक्षा तिथे माणूस रेंगाळतो तो अडकित्त्यांपाशी, विळ्यांपाशी, शेवयांच्या पितळी यंत्रांपाशी, दिव्यांपाशी. साधी सुपारी तर कातरायची! पण अडकित्त्याचा कुठे पोपट झाला आहे, कुठे घोडा, कुठे स्त्री-पुरुषाची जोडी. ज्या घडवणाऱ्यांनी हे केलं त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. एका कवीने त्यांच्यासाठी उभा जन्म वेचला, याचं मला एक कवी म्हणून फार अप्रूप वाटतं.

आणि पुण्यापर्यंत जायला नको असेल, तर आपल्या विदर्भातल्या चुलीकडे बघा. मडक्याचं काम काय? पाणी थंड ठेवणं. कुणा बाईने ते चुलीवर पालथं घातलं आणि त्याचा तवा केला. त्या बाईचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. गव्हाची कणीक भिजवून, तिंबून तिंबून इतकी सैल करायची की ती हातावर झेलत झेलत पार कोपरापर्यंत लांबते, आणि मग मडक्याच्या तापलेल्या पाठीवर ती अलगद सोडायची. गोल पाठीवर रोटी आपल्याच वजनाने चहूबाजूंनी ओढली जाते आणि रुमालासारखी पातळ भाजते. सपाट तव्यावर हे साधत नाही. नागपूरकडे अजूनही बायका अशा लांब रोट्या करून विकतात.

आमच्या मुसलमान घरांतही अशी हुशार भांडी होती. माझ्या नानीकडे सिलफची होती. पाहुणे दस्तरखानावर बसले की आम्ही पोरांनी एका हातात लांब तोटीचा आफताबा आणि दुसऱ्या हातात सिलफची घेऊन एकेकाचे हात धुवायचे. सिलफची म्हणजे एक पसरट पात्र, त्यावर जाळीचं झाकण. धुतलेलं पाणी जाळीतून खाली जातं आणि दिसेनासं होतं. आधीच्या माणसाच्या हाताचं पाणी पुढच्या माणसाने पाहू नये, एवढ्यासाठी ती जाळी! तिचा पानदानही तसाच दुमजली. वर चुना, कात, सुपारी, लवंग, वेलची यांच्या छोट्या वाट्या, खाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. वरचा मजला कोरडा, खालचा ओला. यवतमाळच्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरची पानं दिवसभर टवटवीत राहत.

राहिला आपला लोटा. कुणी त्याला गडवा म्हणतं, कुणी गडू, कुणी तांब्या. आमच्या घरी छोट्याला लुटिया म्हणायचे. चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकेतलं नामवंत रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आलं होतं. १९५८ साली त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. त्याच्याच पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. देशभर हिंडून त्यांनी जे पाहिलं, त्यात त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो आपला साधा लोटा. त्यांनी एक यादीच केली. नवा लोटा घडवायचा तर कशाकशाचा विचार करावा लागेल? तो डोक्यावर नेणार की कमरेवर, भरल्यावर तोल कुठे जाईल, रिकामा झाल्यावर कुठे, ओतताना धार कशी पडेल, हाताला कसा लागेल, धुवायला कसा, किंमत किती. आणि शेवटी त्यांनी म्हटलं की हा कुणा एका माणसाने घडवलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या कितीतरी माणसांनी मिळून घडवला आहे.

आता माझ्या गोष्टीकडे येतो.

मी शाळेत असताना एका मित्राच्या घरी रोज अभ्यासाला जायचो. ऐंशीच्या आसपासचा काळ. मित्राची आई मायाळू होती, पोह्यांवर खोबरं जरा जास्तच घालायची. पण माझा चहा यायचा तो कान तुटलेल्या कपात. तो कप घराबाहेरच्या कोनाड्यात असायचा. चहा झाला की मीच तो विसळून परत कोनाड्यात पालथा ठेवायचा, हे मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही, पण मी ते करत होतो. पुष्कळ दिवस मला त्यात काही वाटलंच नाही. एक दिवस त्यांचा गडी आला, त्यालाही त्याच कपात चहा मिळाला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कान तुटलेला कप तापतो फार. बोटं भाजायची. मला वाटायचं, मलाच नीट धरता येत नाही.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने लोखंडी पेटी उघडली आणि एका जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेले सहा गडवे मला दाखवले. तिच्या लग्नातले. म्हणाली, "ये देख. हम भी तो अलग रखते हैं." अब्बा शिक्षक होते. त्यांचे सहकारी घरी यायचे. आमच्या घरी मटण शिजतं, त्या भांड्यांत खायला-प्यायला काहींच्या मनाला जड जायचं. त्यांना तसं सांगायची वेळ येऊ नये, म्हणून अम्मीने हे गडवे बाजूला काढून ठेवले होते. ते वेगळे घासायचे, चिंच आणि राख लावून. वेगळे पुसायचे. ईदेला त्यांच्यासाठी शीरखुर्म्याचा गंजही वेगळा. मी म्हणालो, "पण तू तर चांगली भांडी वेगळी ठेवलीस. त्यांनी फुटकं ठेवलं." अम्मी म्हणाली, "हर कोई अपने घर में जो है वही रखता है." या उत्तराने माझं समाधान झालं नाही. अजूनही पुरतं झालेलं नाही. पण भांडं वेगळं करण्याचे दोन प्रकार असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

अशी ही अम्मी. जिच्या माहेरी दावतीत चार-चार माणसं एका तबकाभोवती बसून जेवत आणि कुणाचा घास कुणाच्या बाजूचा हे कुणी पाहत नसे.

सत्तरी ओलांडल्यावर तिचा उजवा हात थरथरू लागला. आधी वाटलं वय झालं. डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ मध्ये या दुखण्यावर निबंध लिहिला, म्हणून ते नाव. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात हा शब्द त्याच्याही कितीतरी आधीचा. औषधं सुरू झाली, उतार पडला, पुन्हा वाढला. घरातल्या घरात ठीक होतं. पण हळूहळू एक गोष्ट घडत होती आणि ती मला दिसली नाही. कवितेत पानाच्या देठावरचा दंव मी टिपतो म्हणतात लोक. घरातलं हे मला दिसलं नाही. बायकोने दाखवलं. ती म्हणाली, "अम्मी आजकाल लोकांसमोर चहा पीत नाहीत, लक्षात आलं का?"

खरंच होतं. कुणी आलं की अम्मी म्हणायची, मेरा हो गया. मग म्हणू लागली, पोटाला चालत नाही. मग पाहुण्यांत बसायचीच बंद झाली. त्या वर्षी ईदेला सगळ्या मोहल्ल्यातल्या बायका आल्या आणि अम्मी आतल्या खोलीत पडून राहिली. जिने जन्मभर लोकांना खाऊ घातलं, ती आता बशीत सांडलेल्या चहाला भीत होती. बशीवर कप वाजतो ना, खडखड खडखड, तो आवाज तिला सगळ्या घराला ऐकू जातोय असं वाटायचं. आणि दोष? दोष ती स्वतःच्या हाताला देत होती. नॉर्मन यांचं वाक्य आठवा. मऊ कान, पसरट तोंड, काठोकाठ भरायची चाल आणि खाली वाजणारी बशी, असा तो कप. थरथरत्या हातासाठी याहून वाईट भांडं कारेलमानलाही सुचलं नसतं!

मी तत्परतेने औषधांच्या दुकानात गेलो आणि आजाऱ्यांचा, तोटीचा, झाकणाचा प्लॅस्टिकचा पेला घेऊन आलो. निळ्या रंगाचा. लहान पोरांना देतात तसाच दिसणारा. अम्मीने तो हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला आणि मला विचारलं, "मेरा प्याला अलग कर दिया क्या रे?"

श्रोतेहो, चाळीस वर्षांपूर्वीचा तो कोनाडा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. फक्त या वेळी कप ठेवणारा मी होतो.

तो पेला फडताळात गेला. मुलगी तेव्हा पुण्याला शिकत होती. तिला फोनवर हे सांगितलं. दोन दिवसांनी तिने मला एका व्याख्यानाची चित्रफीत पाठवली. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या तरुणीने नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे २०१५ साली दिलेलं व्याख्यान. त्यांच्या कुटुंबातल्या, पुण्यातल्या एका वडीलधाऱ्यांना कंपवात झाला होता. त्यांनी चारचौघांत चहा-कॉफी पिणं सोडून दिलं होतं. कारण काय, तर लाज. माझ्या अम्मीचीच गोष्ट जणू! या मुलीने काय केलं? एक कप घडवला. त्याच्या काठाला आतून असं वळण दिलं की हात हलला, चहा उसळला, तरी तो काठावरून बाहेर न पडता त्या वळणावरून परत आत येतो. न यंत्र, न तार, न बॅटरी. नुसतं एक वळण.

पण मला त्याहून भावलं ते त्यांचं पुढचं बोलणं. त्या कपावर कुठेही 'आजाऱ्यांसाठी' असं दिसत नाही. तो तुम्ही वापरा, मी वापरू, कुणीही वेंधळा माणूस वापरेल. म्हणून तो हातात घेताना कुणाला कमीपणा वाटत नाही.

मग मी शोधत गेलो तेव्हा कळलं की चांगल्या भांड्यांच्या मागे पुष्कळदा असंच कुणीतरी आपलं माणूस असतं. अमेरिकेत सॅम फार्बर नावाचे गृहस्थ होते. पत्नीला संधिवात. साल काढायच्या बारीक लोखंडी दांड्याने तिची बोटं दुखायची. त्यांनी जाड, मऊ, रबरी मुठीचं सोलाणं करवून घेतलं, १९९० मध्ये ते बाजारात आणलं, आणि ज्यांची बोटं धडधाकट होती त्यांनीही ते उचललं. कारण जे दुखऱ्या हाताला सोपं, ते चांगल्या हातालाही सोपंच असतं. आज आपल्याकडच्या दुकानांतही जाड मुठीची सोलाणी टांगलेली दिसतात.

डेल्फ्टचा तो कप यवतमाळात कुठून आणायचा? मी ती चित्रफीत थांबवून थांबवून कपाची आतली बाजू पाहत होतो. पोट मोठं, वर काठ आत वळलेला. हे मी कुठे पाहिलं आहे? रात्री कधीतरी उठून बसलो. लोखंडी पेटी!

सहाही गडवे त्याच दुपट्ट्यात होते. काळवंडलेले, आतली कल्हई पार उडालेली. तसे वापरणं शक्य नव्हतं. पितळेला आंबट किंवा ओलं लागून राहिलं की हिरवट थर धरतो, तो पोटात जाणं वाईट. म्हणून तर आतून कथलाचा थर द्यायचा. पण कल्हईवाला आता मिळतो कुठे? आमच्या लहानपणी 'कल्हईऽऽ' अशी हाळी गल्लीत महिन्याला ऐकू यायची. स्टील आलं आणि ती हाळी गेली. दत्त चौकातल्या भांड्यांच्या दुकानदारांना विचारलं, ते हसले. शेवटी आर्णी रोडकडे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता लागला. त्याने गडवे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "शोभेला ठेवायचे तर कल्हई कशाला? बाहेरून पॉलिश करा." मी म्हटलं, "चहा प्यायचा आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भाता काढला.

ते काम मी पोरासारखं उकिडवं बसून पाहिलं. कोळसा फुलवला. गडवा चिमट्यात धरून निखाऱ्यावर फिरवला. आत चिमूटभर नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, तो नाकात गेला आणि माझं सगळं बालपण नाकात आलं. मग कथलाची कांडी आत टेकवली. कथील २३२ अंशांवर वितळतं, पितळेला तेवढ्याने काही होत नाही. कापसाच्या बोळ्याने त्याने तो पातळ थर आत सरकन फिरवला आणि गडवा पाण्यात बुडवला. चर्र! आतून चांदी झाली. सहाही झाले. पैसे त्याने सांगितले त्याहून जास्त मी दिले, आणि तरी मला ते कमी वाटले.

आता एक अडचण राहिली. पितळ तापतं. बायकोने जुन्या गोधडीचे तुकडे कापून प्रत्येक गडव्याच्या पोटाला बसेल असा सुती पट्टा शिवला. एकच नाही, सहाही गडव्यांना. हे तिचं शहाणपण. संध्याकाळी ट्रेमधून सहा गडवे आले. निम्मे भरलेले. सगळ्यांना एकसारखे. कपबश्या तिने फडताळाच्या वरच्या कप्प्यात टाकल्या होत्या.

अम्मी म्हणाली, "ये तो मेहमानों के हैं रे."

कुणीच काही बोललं नाही. सगळे चहा पिऊ लागले. मग तिनेही उचलला. दोन्ही हातांनी. कपाला कान असतो, म्हणून आपण तो एका हाताने धरतो. गडव्याला कान नाही, म्हणून दोन हात आपोआप येतात, आणि त्यात कुणाला काही वेगळं दिसत नाही. वर पितळेचं वजन. भांडं जड असलं की काही जणांचा थरथरता हात थोडा स्थिरावतो, असं पुढे डॉक्टरांनीही सांगितलं. चहा आत हिंदकळला, गळ्याशी आपटला, परत पोटात गेला. दोन-चार थेंब सांडले. दोन-चार थेंब माझ्याकडूनही सांडले, मला सवय नव्हती. आणि खाली बशीच नसल्यामुळे वाजायला काही उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या ईदेला अम्मी बैठकीत बसली. हातात गडवा, आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात गडवा. सहा पुरेनात, म्हणून भंडाऱ्याच्या एका मित्राकडून आणखी मागवले. भंडारा पितळी भांड्यांचं जुनं गाव, तिथे अजून जुने गडवे मिळतात. शाळेतला तो मित्रही आला होता. त्याची आई आता नाही. त्याने गडवा दोन्ही हातांत धरला, पुष्कळ वेळ धरून ठेवला. कपाचा विषय ना त्याने काढला ना मी. जाताना म्हणाला, "काकू, अजून थोडा." अम्मीने आत हाक मारून त्याच्यासाठी चहा मागवला.

गोष्ट इथे संपवली तर फार गोड होईल, पण ती इथे संपत नाही. दुखणं वाढतच गेलं. गडवा चालला सुमारे दोन वर्षं. पुढे गिळायला त्रास होऊ लागला, आणि मग चमचा आला, नंतर तो निळा, तोटीचा पेलाही फडताळातून खाली आला. त्या दिवशी मी तो तिच्या हातात द्यायला बिचकत होतो. तिने मुकाट घेतला. म्हणाली, "ला, अब ठीक है." आधी नको आणि आता ठीक, असं का, हे मी तिला विचारलं नाही. मला वाटतं, पहिल्या वेळी तिला विचारलं गेलं नव्हतं. मधल्या दोन वर्षांत सगळ्या घराने तिच्यासोबत चहा घेतला होता. आता तो पेला तिला दूर ढकलणार नव्हता.

अम्मी गेली. गडवे राहिले. आम्ही त्यातच चहा पितो. सवय झाली, आणि खरं सांगू का, त्यातला चहा जास्त वेळ गरम राहतो.

श्रोतेहो, जगात विलक्षण भांडी पुष्कळ आहेत. बाळकृष्णाचे पाय ओळखणारा प्याला आहे, पोपटाच्या चोचीने सुपारी कातरणारा अडकित्ता आहे. ती जरूर बघा, पोराबाळांना दाखवा. पण एक काम आजच करा. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस 'माझं झालं' म्हणून चहाच्या वेळी उठून जात असेल, तर ते का जातं ते बघा. कदाचित त्याचं पोट बिघडलेलं नसेल. कदाचित तुमचा कप बिघडलेला असेल. आणि त्याच्यासाठी नवं भांडं आणलंत, तर ते एक आणू नका. घरात जेवढी माणसं, तेवढी आणा.

जाता जाता माझं एक काम. गडव्यांची कल्हई पुन्हा उडत आली आहे आणि आर्णी रोडचा तो कारागीर आता काम करत नाही. यवतमाळात किंवा आसपास कुणी कल्हईवाला तुमच्या माहितीत असेल, तर कृपया कळवा. चहाला त्यालाही बोलवू आणि तुम्हालाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)